तीन भागीदार, एक दुकान: जीएसटी आणि हिशेबासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

कीर्दखतावणी:

नमस्कार. आमचा घरचाच इलेक्ट्रिकल मालाचा धंदा आहे. वायर, स्विच, पंखे, इन्व्हर्टर आणि त्यांच्या बॅटऱ्या. भागीदारी संस्था आहे आणि भागीदार घरातलेच तिघं: बाबा, दादा आणि मी. गेल्या वर्षीची उलाढाल २ कोटी ८० लाखांच्या घरात. ठेकेदार आणि वायरमन बराचसा माल उधारीवर नेतात, बाकी विक्री काउंटरवर, रोख आणि यूपीआय.

आत्तापर्यंत बिलं एका जुन्या प्रोग्रामवर निघतात. तो बिल छापतो, त्यापलीकडे त्याला काही येत नाही. कीर्द बाबा हाताने लिहितात, रोज रात्री, दुकान बंद झाल्यावर. तिमाही संपली की मी खरेदीची बिलं तारखेप्रमाणे लावते, विक्रीची एक्सेल शीट बनवते आणि सगळं सीएंच्या ऑफिसात नेऊन देते. जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि ३बी (कर भरायचं रिटर्न) तिकडून जातात. आम्ही क्यूआरएमपी योजनेत आहोत, त्यामुळे रिटर्न तिमाही, पण पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेच्या आत चलनाने भरावाच लागतो. तो आकडा आम्ही अंदाजानेच काढतो.

हे सगळं बदलायचं ठरवलं ते एका बिलामुळे. ऑगस्ट २०२३ मध्ये एका घाऊक व्यापाऱ्याकडून १,२७,००० रुपयांची वायर घेतली, त्यावर २२,८६० रुपये जीएसटी. बाबांनी पूर्ण पैसे चेकने दिले. त्या व्यापाऱ्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये आमचा जीएसटी नंबर न टाकता, किरकोळ गिऱ्हाइकाला विकल्यासारखं दाखवलं. म्हणजे आमच्या २बीत, पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या आमच्या खरेदीच्या यादीत, ते कधी आलंच नाही. सीएंचं ऑफिस २बीत असेल तेवढंच क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतं, आणि ते बरोबरच आहे. मला हे कळलं जानेवारी २०२५ मध्ये. २०२३-२४ च्या बिलांचं क्रेडिट घ्यायची मुदत ३० नोव्हेंबर २०२४ लाच संपली होती. बिल माझ्याच फाइलमध्ये होतं, मीच पंच करून लावलेलं. फाइल आणि २बी शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलं नव्हतं एवढंच. बाबा मला काही बोलले नाहीत, पण त्या रात्री त्यांनी ते बिल काढून घेतलं आणि बराच वेळ हातात धरून बसले. ते मला अजून लागून राहिलंय.

आता विचारायचं ते असं. सीए म्हणतात, डोळे मिटून टॅली घ्या. दादाला फोनवरून बिल करता येईल असं काहीतरी हवंय, कारण तो निम्मा दिवस साइटवर असतो. माझी मावसबहीण ऑनलाइन चालणारं घ्या म्हणते. बाबांचं म्हणणं एकच: हिशेब घराबाहेर जायला नको आणि मला वाचता आला पाहिजे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर लागत नाही. शिवाय आयकर रिटर्नसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं का? घरच्या धंद्यात हे ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मुनीम:

ताई, मी सात छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, सगळे तुमच्यासारखेच घरचे धंदे. आधी एक गाठ सोडवू. 'टॅक्सचं सॉफ्टवेअर' म्हणताना आपण चार निरनिराळी कामं एकत्र बांधतो: बिलं आणि हिशेब, जीएसटी रिटर्न, टीडीएस रिटर्न आणि आयकर रिटर्न. शेवटच्या दोन कामांसाठी तुम्ही पैसे घालवू नका. तुमची उलाढाल १ कोटीच्या वर आहे आणि काउंटरवर रोख बरीच येते, म्हणजे तुम्हाला टॅक्स ऑडिट लागतंच. संस्थेचा आयटीआर-५ सीए त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवरून भरणार. तुमचा तिघांचा आयटीआर-३ आयकर पोर्टलवरच्या मोफत युटिलिटीतून भरता येतो. टीडीएससाठीही रिटर्न तयार करायचा सरकारी प्रोग्राम, आरपीयू, फुकट मिळतो. तुम्हाला हवंय ते बिलं, हिशेब आणि जीएसटी एकाच जागी ठेवणारं.

तुमचे २२,८६० रुपये जिथे गेले तिथेच सॉफ्टवेअरची खरी परीक्षा असते. रिटर्न भरून देणारे शंभर मिळतील. विक्रीचे आकडे जीएसटीआर-१ मध्ये ढकलणं फारसं अवघड नाही. बघायचं ते हे, की २बी आत घेतल्यावर ते तुमच्या खरेदीशी कसं ताडून दाखवतं. जुळलेली बिलं, आपल्याकडे आहेत पण २बीत नाहीत अशी, आणि २बीत आहेत पण आपल्याकडे नाहीत अशी, हे तीन ढीग एका नजरेत वेगळे दिसले पाहिजेत. त्यातही बारकावा आहे. व्यापारी छापील बिलावर 'अअ/००१२३/२५-२६' लिहितो आणि पोर्टलवर नुसतं '१२३' टाकतो. काही प्रोग्राम ही दोन वेगळी बिलं समजतात आणि दर तिमाहीला साठ-सत्तर खोटी तफावत दाखवतात. मग दोन तिमाह्यांनंतर माणूस ती यादी उघडायचीच सोडून देतो. पैशांचा फरक आणि बिल नंबरचा फरक किती चालवून घ्यायचा हे ठरवता येतं का, ते विक्रेत्याला करून दाखवायला सांगा. तोंडी 'होतं हो' चालणार नाही.

दुसरं, डेमोमध्ये त्यांची नमुना बिलं बघू नका, तुमची अडचणीची बिलं घेऊन बसा. माझ्याकडची एक सांगते. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, बॅटरीवरचा २८ टक्क्यांचा कर १८ टक्के झाला. माझ्या एका पार्टीच्या प्रोग्राममध्ये मालाच्या नावापुढे एकच दर ठेवायची सोय होती. त्यांनी २२ ला सकाळी २८ पुसून १८ केला, नवी बिलं बरोबर निघाली. २६ ला एकाने २० तारखेला घेतलेली बॅटरी परत आणली. मूळ किंमत १२,००० आणि कर ३,३६०, असं १५,३६० चं बिल. क्रेडिट नोट, म्हणजे परत घेतलेल्या मालाचं उलटं बिल, मूळ बिलाच्याच दराने, २८ टक्क्यांनी काढायला हवी. प्रोग्रामने १८ लावून १४,१६० ची काढली. गिऱ्हाइकाचे १,२०० रुपये कुठे गेले म्हणून काउंटरवर वाद. ते सोडवायला मुलाने जुनं बिल उघडून नुसतं सेव्ह केलं, तर त्या जुन्या बिलाचाही कर बदलून १८ झाला, आणि सप्टेंबरची बेरीज हलली. दर कोणत्या तारखेपासून लागू, हे तारखेसकट साठवणारं सॉफ्टवेअर घ्या. तुम्ही बॅटऱ्या विकता, तर हेच बिल डेमोत करून बघा.

टॅली, बिझी, झोहो बुक्स, व्यापार, ही सगळी जीएसटीची बिलं करतात. टॅली तुमच्या मशीनवर राहतं, झोहो बुक्स ऑनलाइन चालतं, व्यापार फोनवरही आहे आणि कॉम्प्युटरवरही. कोण चांगलं यापेक्षा, रोजची नोंद घरातला कोण करणार ते आधी ठरवा. नोंदच तीन दिवस मागे पडत असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही.

बिजागरी:

माझा हार्डवेअरचा धंदा, मी आणि माझा पुतण्या. मी एकदा सॉफ्टवेअर बदलून हात भाजून घेतलेत, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी एक ऑनलाइन प्रोग्राम घेतला होता, नाव लिहीत नाही. चालला छान. मग दुसरीकडे जायचं म्हणून वर्गणी भरली नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आत गेलो तर बिलं दिसत होती, पण बाहेर काढायचं बटण बंद. पार्टीवार येणी, मालाचा साठा, काही निघेना. शेवटी फक्त आपलाच हिशेब उतरवून घ्यायला आणखी एका वर्षाचे पैसे भरले. तेव्हा मला माहीतही नव्हतं की जीएसटी कायद्यात हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावा लागतो. सहा वर्षांनी नोटीस आली तर 'वर्गणी संपली होती' हे उत्तर नाही चालत.

त्यामुळे ट्रायलमध्येच, पहिल्या दिवशी, दहा बिलं टाका आणि सगळी बाहेर काढून बघा. नुसती पीडीएफ नको, एक्सेलमध्ये. खरेदी, विक्री, खतावणी, साठा, प्रत्येक पार्टीची बिलवार बाकी. बिलवार हा शब्द लक्षात ठेवा. एका ठेकेदाराकडे ८५,००० येणं आहे एवढं कळून काय करता? कोणत्या बिलाचे, किती दिवसांचे, हे नाही आलं तर वसुलीच्या वेळी तोंड वर करून उभे राहतो आपण.

बाबा म्हणतात हिशेब घराबाहेर नको, त्यांचं मला पटतं. पण मशीनवर ठेवायचा तर बॅकअपचं काम घरातल्या एका माणसाच्या नावावर करा. आमच्याकडे पुतण्या दर शनिवारी पेनड्राइव्हवर घेतो आणि पेनड्राइव्ह दुकानात नाही, घरी कपाटात राहतो. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघतो. ही दुसरी गोष्ट कुणी करत नाही, आणि वेळ येते तेव्हा बॅकअप रिकामा निघतो.

आणखी एक. तुमचा दादा साइटवरून बिल करणार आणि तुम्ही काउंटरवरून, तर बिलांची मालिका दोघांची वेगळी ठेवा. आमच्याकडे इंटरनेट नसताना दोघांनी बिलं केली आणि ४७ नंबर दोन बिलांवर पडला, दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना. एका आर्थिक वर्षात तो नंबर परत चालत नाही. काउंटरसाठी एक अक्षर, साइटसाठी दुसरं. फक्त सगळं मिळून १६ अक्षरांच्या आत बसवा, कायद्याने तेवढीच परवानगी आहे.

निवृत्त सल्लागार:

वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय. मी तुमच्या भागीदारीपुरतं लिहितो, कारण ती बाजू विक्रेते दाखवत नाहीत.

१ एप्रिल २०२५ पासून संस्थेने भागीदाराला दिलेला पगार, भांडवलावरचं व्याज, कमिशन हे सगळं मिळून वर्षाला २०,००० च्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. जुन्या कायद्यातलं हे कलम १९४टी. पैसे हातात दिले नाहीत, नुसते भांडवल खात्यावर जमा केले, तरीही. घरच्या भागीदारीत मार्च अखेरीला एक नोंद टाकून मोकळं व्हायची सवय असते, ती आता महाग पडेल. तिघांची भांडवल खाती वेगळी, उचल वेगळी, आणि ही नोंद टाकतानाच टीडीएस निघतो का, एवढं तपासा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. त्यामुळे अपडेट वेळेवर देणारी कंपनी हवी. जुनं लायसन्स स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

तुम्ही स्विच-सॉकेट बनवणाऱ्या छोट्या कारखान्याकडून माल घेत असाल आणि तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलं तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हे लागत नाही. म्हणून पुरवठादाराच्या नावापुढे 'सूक्ष्म', 'लघु', 'व्यापारी' अशी खूण करता आली पाहिजे आणि बिलाच्या तारखेपासूनचे दिवस दिसले पाहिजेत.

विक्रीच्या बाजूला आता चूक झाकता येत नाही. जुलै २०२५ च्या कालावधीपासून जीएसटीआर-१ मधला कर ३बीत आपोआप उतरतो आणि तिथे बदलता येत नाही. चूक दिसली तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मधून दुरुस्ती. 

पोर्टलचा पासवर्ड सॉफ्टवेअरमध्ये साठवून ठेवू नका. पोर्टलवर प्रोफाइलमध्ये एपीआय परवानगी, म्हणजे सॉफ्टवेअरला पोर्टलशी जोडायची मुभा, असते, ती ठरावीक काळापुरतीच, फार तर ३० दिवसांची द्यायची. ओटीपी सध्या बाबांच्या फोनवर येत असणार. तुमचं नावही अधिकृत सही करणारी म्हणून नोंदवून घ्या. २० किंवा २२ तारखेला संध्याकाळी बाबा गावाला गेलेत आणि फोन लागत नाही, असे प्रसंग मी अनेक घरांत पाहिले आहेत.

कीर्दखतावणी:

तिघांचेही मनापासून आभार. गेले तीन आठवडे यातच होते, काय झालं ते लिहिते.

बिजागरी दादांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवशीच सगळं बाहेर काढून पाहिलं. मुनीमताईंचं बॅटरीचं बिल प्रत्येक डेमोत केलं. मग एका पूर्ण महिन्याची आमची खरी बिलं, ३१२ विक्रीची आणि ५८ खरेदीची, मी स्वतः बसून टाकली. टाकताना आमच्याच चुका बाहेर आल्या. जुन्या प्रोग्राममध्ये स्विच आणि पंखे एकाच एचएसएनखाली, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या एकाच कोडखाली, होते, काही मालाला एचएसएनच नव्हता. आता जीएसटीआर-१ मध्ये तो यादीतूनच निवडावा लागतो, त्यामुळे हे आज ना उद्या अडलंच असतं.

२बी ताडून पाहिलं. ५८ पैकी दोन बिलं तिथे नव्हती. एक व्यापारी आमच्यासारखाच तिमाही रिटर्न भरणारा, त्याने बिल तिमाहीअखेर टाकायचं ठेवलंय. दुसऱ्याने आमच्या जीएसटी नंबराऐवजी दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा नंबर टाकला होता. त्याला फोन केला, पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्त करतो म्हणाला. त्या बिलावरचा कर ६,४८० रुपये. मी तारीख लिहून ठेवली आहे, पुढच्या २बीत परत बघणार.

टॅली घ्यायचं ठरलं, आणि कारण बाबा. मी अक्षर मोठं करून एका संध्याकाळी त्यांना त्या दिवसाच्या नोंदी दाखवल्या. ते बघत राहिले आणि म्हणाले, 'अगं, ही तर रोजकीर्द.' वही शेजारी घेऊन बसले, पेन्सिलने एकेक ओळ टिपत गेले. तळाला रोख शिल्लक ३४० रुपयांनी जास्त दिसत होती. मला वाटलं मशीन चुकलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून दाखवलं: एक होल्डर आणि दोन बल्बचे यूपीआयने आलेले पैसे दादाने रोखीत टाकले होते. वहीत ते बरोबर होते.

त्यामुळे ३१ मार्चपर्यंत दोन्ही चालू ठेवतोय, मशीनवर मी आणि वहीत बाबा, रोज रात्री शिल्लक मिळवायची. १ एप्रिलला बिलवार बाक्या आणि साठा चढवून जुना प्रोग्राम बंद. दादा साइटवर तूर्तास फोनवर यादी करून पाठवतो, बिल काउंटरवरच निघतं. त्याला ते फारसं आवडलेलं नाही, पण नंबरांचा गोंधळ नको हे त्यालाही पटलंय. ओटीपीसाठी माझं नाव नोंदवायचा अर्ज काल भरला.

एक शेवटचं विचारते. साठा चढवताना वायरची अर्धवट उरलेली बंडलं मीटरमध्ये धरायची की बंडलात? आमच्याकडे सुटी वायरही मीटरने विकली जाते.

मुनीम:

मीटर हेच मूळ एकक ठेवा आणि बंडल म्हणजे ९० मीटर असं पर्यायी एकक द्या. तुमचं बंडल वेगळ्या लांबीचं असेल तर तो आकडा. खरेदी बंडलात, विक्री मीटरमध्ये, दोन्ही चालतं. ३१ मार्चला रात्री उरलेली बंडलं प्रत्यक्ष मोजा, अंदाज धरू नका. बाबांना सोबत घ्या.